इंटरनेटवरील दूरध्वनी

राजगुरुनगरची एक माता परदेशस्थ पुत्राशीं इंटरनेटच्या दूरध्वनीवरून बोलते. तिचें बोलणें त्यास ऐकूं जातें. त्याचा शब्द मात्र तिच्या कानीं येत नाहीं. याचें कारण आपण पाहूं.

भारतांत या दूरध्वनीस 1 एप्रिल 2002 पासून मुभा मिळाली. यांत आवाज बहुधा सेकंदास 50 पुडक्यांत बांधून धाडतात. घरांतील सर्व यंत्रांस बाहेर एकच पत्ता असतो. कोणतें पुडकें कोणाचें, ही नोंद राउटर ठेवितो. आईच्या यंत्रानें 192.168 असा आरंभ असलेला घरांतील पत्ताच मुलास कळविला, तर त्याचें उत्तर वाटेंतच हरवतें. पाकिटावर गांवाऐवजीं ‘माजघर’ लिहिल्यासारखेंच हें!

फायरवॉल हा दारावरील पहारेकरी. आंतून गेलेल्या पुडक्याचें उत्तर तो आंत घेतो, अनाहूतास अडवितो. म्हणून दोन्ही यंत्रें प्रथम सर्व्हर नांवाच्या बाहेरील यंत्रास आपला बाहेरचा पत्ता विचारितात, तो एकमेकांस कळवितात व एकाच वेळीं पुडकीं धाडतात. मग प्रत्येक पहारेकऱ्यास समोरचें पुडकें उत्तरच वाटतें. हेंही न साधल्यास मध्यस्थ सर्व्हर आवाज पोंचवितो.

विद्यार्थ्यांनो, बोलणें अडलें म्हणून फायरवॉल बंद करूं नका. चाकणच्या संग्रामदुर्गाच्या या मुलखांत तटाचें मोल सांगावयास नको. पत्ता सुधारा, पहारा तसाच राहूं द्या.