पेटीच्या तळाशी असलेली गोधडी कुणाच्या हातची?



दिवाळीच्या आधी घर सारवायला काढलं की माळ्यावरचं, पेटीतलं, कोपऱ्यातलं सगळं अंगणात येतं. त्यातलं अर्धं परत आत जातं आणि अर्धं भंगारवाल्याच्या नाहीतर भांडेवालीच्या वाट्याला. जुन्या लुगड्यांवर स्टीलचा डबा, चेपलेल्या पितळेवर थोडे पैसे. त्यात काही वावगं नाही. आपल्या घरात जागा किती असते ते सगळ्यांनाच ठाऊक आहे. पण या महिन्याच्या अभ्यासात एक काम करू या. वस्तू अंगणाबाहेर जाण्याआधी ती कुणाच्या हातची आहे ते घरातल्या मोठ्यांना विचारू या आणि लिहून ठेवू या. वस्तू ठेवायची की द्यायची, ते नंतर ठरवता येतं. नाव मात्र एकदा विसरलं की परत मिळत नाही.

आता कुणी म्हणेल, बचत गटाचा आणि याचा काय संबंध? सांगते. शेतीचा सातबारा असतो, घराची नमुना आठला नोंद असते. त्यावर आजोबा, पणजोबांची नावं सापडतात. आजीचं सापडलं तर बहुतेक वारस म्हणून, तेही आजोबा गेल्यावर. पणजीचं नाव तर घरात कुणाला सांगताच येत नाही. आता १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव लावणं महाराष्ट्रात सक्तीचं झालं आहे. त्याआधीच्या आयांचं काय? त्यांनी मागं ठेवलं ते हातानं केलेलं. गोधडी, बांबूची टोपली, शेणामातीनं लिंपलेली धानाची ढोली. यातल्या कशावरही सही नसते.

पितळी भांड्यावर नाव असतं ना, असं तुम्ही म्हणाल. असतं, पण नीट वाचून पाहा. बहुतेक वेळा ते भांडं देणाऱ्याचं असतं, मामाचं नाहीतर भावाचं. जिनं त्या गुंडीनं चाळीस वर्षं पाणी भरलं तिचं नसतं.

प्रतापगडला (बाहेरच्या माणसाला हे नाव सांगितलं की तो साताऱ्याचा किल्ला म्हणतो, आपला प्रतापगड अर्जुनी मोरगाव तालुक्यातला, महाशिवरात्रीच्या यात्रेचा आणि दर्ग्याचा) एका गटाच्या बैठकीत हा विषय काढला होता. पुढच्या बैठकीला एक ताई एक गोधडी घेऊन आली. ती धानाच्या पोत्यांवर टाकलेली होती. एका कडेला उंदरानं कुरतडली होती. ताईला एवढंच माहीत होतं की सासू म्हणायची, "हे त माझ्या लग्नाच्या आधीचं आहे." म्हणजे सासूच्या हातची नाही. मग कुणाच्या? आम्ही ती चटईवर पसरली आणि सगळ्या जणी भोवती बसलो.

पहिल्यांदा टाके पाहिले. कडेपासून मधे येत गेलेले, तांदळाएवढे, एकसारखे. एका कोपऱ्यात मात्र टाके मोठे आणि वाकडे. एक मावशी लगेच म्हणाली, हे दुसऱ्या हातचे आहेत, कुणी शिकणारी पोर बसली असेल शेजारी. नंतर कापड पाहिलं. वरचे बरेच तुकडे लुगड्याचे, काठासकट जोडलेले. मधे दोन तुकडे टेरिकॉटचे. एक जण म्हणाली, मग ही जुनी नाहीच. पण ठिगळाखाली बोट घालून पाहिलं तर आत आणखी एक कापड होतं, विरलेलं, जाड सुताचं. टेरिकॉट नंतर लावलेलं ठिगळ होतं. गोधडी अशीच असते, तिला एकच वय नसतं. म्हणून वरून पाहून नवी-जुनी ठरवू नका. आतला थर पाहा, पण टाके उसवून नको. जिथं आधीच फाटलं आहे तिथूनच पाहा.

नाव अखेर सापडलं ते जवळच्या गावात दिलेल्या आत्याकडून. ताईनं फोनवर विचारलं, वाकड्या टाक्यांचा कोपरा आहे तीच का? आत्या हसली. ते टाके तिचेच होते, सात-आठ वर्षांची असताना घातलेले. गोधडी तिच्या आजीच्या हातची, म्हणजे आमच्या ताईच्या आजेसासूच्या सासूच्या. फोन ठेवल्यावर ताईनं ते नाव दोनदा मोठ्यानं उच्चारलं. लग्नाला तेवीस वर्षं झाली, त्या घरात तिनं हे नाव एकदाही ऐकलं नव्हतं.

विचारायचं कसं, हा यातला खरा अभ्यासाचा भाग आहे. "आजी, हे कोणत्या साली केलं?" असं विचारलं की आजी म्हणते, "काय माहीत बाई." साल कुणाच्याच लक्षात नसतं. एमएसडब्ल्यू करताना मुलाखत घ्यायला शिकवलं, त्यातली एक गोष्ट मला इथं फार उपयोगी पडली. साल विचारू नका, प्रसंग विचारा. तेव्हा तुमच्या पोटात कोण होतं? घरात वीज आली होती का? इटियाडोह धरणाच्या आधी की नंतर? (धरण १९७० च्या सुमारास झालं.) गोठणगावजवळ तिबेटी लोकांची वसाहत झाली होती का? (ती १९७२ ची.) अशा दोन-तीन प्रश्नांत पाच-सात वर्षांच्या अंतरानं काळ सापडतो. आणि एकटीला विचारा. सुना, नातवंडं, शेजारी सगळे जमले की आजी घरच्या पुरुषांचं कौतुक सांगत बसते, स्वतःचं सांगतच नाही.

कागद आणि धातूही बोलतात. जुन्या कागदावर किंवा भांड्यावर "जि. भंडारा" असेल आणि गाव आपल्याच तालुक्यातलं असेल, तर ते बहुधा १ मे १९९९ च्या आधीचं आहे. त्या दिवशी गोंदिया जिल्हा वेगळा झाला. कागदावर राज्य "मध्यप्रदेश" लिहिलं असेल तर तो १९५० ते १९५६ मधला. तेव्हा आपला भाग त्या राज्यात होता, महाराष्ट्र १९६० ला झाला. रुपयांची माळ असेल तर नाणी भिंगातून पाहा. राणी व्हिक्टोरियाच्या नावापुढं इंग्रजीत "क्वीन" असेल तर नाणं १८७७ च्या आधीचं, "एम्प्रेस" असेल तर त्यानंतरचं. "नया पैसा" १९५७ पासून आला. पण एक लक्षात ठेवा. जुनं नाणं आहे म्हणून माळ तेवढी जुनी ठरत नाही. माळेतलं सगळ्यात नवं नाणं शोधा, माळ त्याच्या आधी ओवलेली असू शकत नाही.

नाव लिहून ठेवल्यानं काय होतं, त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण जळगावच्या बहिणाबाई चौधरींचं आहे. १८८० मध्ये असोद्याला जन्मलेली शेतकरी बाई, लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, चुलीपाशी, शेतात काम करता करता गाणी रचायच्या. त्यांचा मुलगा सोपानदेव आणि नात्यातला एक भाऊ ती उतरवून ठेवत. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये पुस्तक निघालं. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. वही नसती तर त्या घरात म्हातारीची गाणी होती एवढंच उरलं असतं, आणि दोन पिढ्यांनी तेही नाही. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायांकडून जात्यावरच्या लाखभर ओव्या जमवल्या. त्यांच्या नोंदीत गाणारीचं नाव आणि गाव आहे.

आपल्या जवळचं पाहायचं तर नवेगाव बांध. हा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात. लोकांनी त्यांना कोलासूर देव केलं. तलावाभोवतीच्या सात टेकड्यांना सातबहिणी म्हणतात आणि त्यातल्या एकीवर कोलासुराचं ठाणं आहे. बांधणाऱ्याचं नाव तीनशे वर्षं टिकलं. पाळीवर माती टाकताना टोपलं डोक्यावर कुणी वाहिलं असेल, ते रोजगार हमीच्या कामावर गेलेल्या ताईला मी काय सांगू! त्यांतलं एकही नाव आपल्याकडं नाही.

आता वस्तू सांभाळायची कशी, ते थोडक्यात. गोधडी प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका, आत ओल धरते आणि काळे डाग पडतात. स्वच्छ जुन्या सुती धोतरात गुंडाळा. वर्षातून दोनदा सावलीत वाळवा, कडक उन्हात रंग उडतो. दरवेळी घडी दुसरीकडं घाला, नाहीतर एकाच रेघेवर कापड तुटतं. कडुलिंबाचा पाला वाळवून, पुरचुंडी बांधून ठेवा, सुटा पाला कापडावर नको. धुवायचीच असेल तर आधी एका कोपऱ्यावर ओलं पांढरं फडकं दाबून रंग जातो का पाहा. पितळेवर कोरलेलं नाव असेल तर तिथं चिंच आणि काथ्या जोरात घासू नका, अक्षरं झिजतात. लाकडी उखळ, मुसळ, पेटी विटांवर ठेवा, जमिनीला टेकली की वाळवी लागते.

विकायचा प्रश्न बऱ्याच जणींनी विचारला. शहरातून येणारे लोक जुनी भांडी, कोरीव लाकूड भंगाराच्या वजनानं नेतात, हे मी पाहिलं आहे. वजनाच्या भावानं देऊ नका, निदान दुसऱ्या ठिकाणी किंमत विचारा. गोधडीच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे. मूळ गोधडी ठेवा, टाका शिका. प्रतापगडच्या त्या गटातल्या दोघी आता तोच कडेपासून मधे येणारा टाका घालून लहान बाळाची दुपटी शिवून पाहत आहेत. विक्री होईल की नाही ते अजून कळायचं आहे. नमुना मात्र घरचाच आहे, कुणाकडून उसना आणलेला नाही.

एक सावधगिरी. घरात पिढीजात असलेली वस्तू वेगळी आणि जमिनीतून निघालेली वेगळी. शेतात, तलावाच्या गाळात किंवा किल्ल्याच्या बाजूला काम करताना नाणी, दागिने, भांडं सापडलं आणि त्याची किंमत दहा रुपयांपेक्षा जास्त असली, तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. आपसांत वाटून घेतलं तर गुन्हा होतो. आधी ग्रामपंचायतीत सांगा, अर्ज लिहायला तिथं मदत मागा.

नोंद ठेवायला नवी वही घ्यायची गरज नाही. पंचसूत्रीत नोंदी आपण रोजच करतो. गटाच्या इतिवृत्ताच्या वहीत मागची दोन पानं राखून ठेवा. वस्तूचं नाव, कुणी केली, तिचं माहेर कोणतं, कशापासून केली, सध्या कुणाकडं आहे, कुणी सांगितलं, एवढं पुरे. करणारीचं पाळण्यातलं नाव आणि सासरी ठेवलेलं नाव, दोन्ही लिहा. मोबाइलवर फोटो काढताना वस्तू जिनं ओळखली तिलाही शेजारी बसवा.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं एक वस्तू आणावी, जड असेल तर फोटो आणावा. मात्र बचत आणि कर्जाचे हप्ते आधी उरकून घ्या. आज्यांच्या गोष्टी एकदा सुरू झाल्या की वसुली राहून जाते, आणि मग अध्यक्ष ताई माझ्यावरच रागावतात.