तारेतून जाणारा ठेवा

वरोर हे डहाणू तालुक्यातील समुद्रकाठचे गाव. समजा, येथील एका मुलीने जाळे विणणाऱ्या आपल्या आजीचे बोलणे टॅबलेटवर चित्रित केले. कोणत्या गाठीला काय म्हणतात, कोणत्या मासळीसाठी जाळ्याची भोके केवढी असावीत, हे सारे आजीने त्यात सांगितले आहे. टॅबलेटमधील जागा संपत आल्यामुळे तो ठेवा शाळेच्या संगणकावर न्यावयाचा आहे.

मुलीने तार जोडली. टॅबलेट चार्ज होऊ लागला. परंतु संगणकाच्या पडद्यावर काहीच उमटले नाही. हा दोष संगणकाचा नव्हे. साध्या यूएसबी तारेच्या पोटात चार बारीक तारा असतात : दोन विजेसाठी व दोन माहितीसाठी. काही स्वस्त तारांत केवळ विजेच्याच तारा घातलेल्या असतात. अशा तारेने टॅबलेटचे पोट भरते, पण त्याच्या मुखातून शब्द निघत नाही!

तार बदलली, तरी अँड्रॉइड टॅबलेट मौनच धरतो. त्याचे कुलूप उघडून ‘फाइल ट्रान्सफर’ हा पर्याय निवडावा लागतो. पेन ड्राइव्हच्या कोठारात संगणक थेट शिरतो. टॅबलेट मात्र आपल्या कोठाराची किल्ली कोणास देत नाही. संगणकाने मागावे आणि टॅबलेटने काढून द्यावे, असा हा ग्रंथपालासारखा व्यवहार असतो.

यूएसबीची पहिली नियमावली १९९६ साली प्रसिद्ध झाली. ही जोडणी घडविण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, ते इंटेल कंपनीतील अभियंता अजय भट्ट हे बडोद्याच्या विद्यापीठात शिकलेले. डहाणूवरून उत्तरेस जाणारा लोहमार्ग त्याच बडोद्यास पोहोचतो.

त्या पहिल्या यूएसबीतून सेकंदास फार तर १२ मेगाबिट माहिती जाई. २००० सालच्या दुसऱ्या आवृत्तीत ही मर्यादा ४८० झाली. आठ बिटांचा एक बाइट होतो. आजीचे चित्रण १२०० मेगाबाइटांचे असेल, तर पूर्वी त्यास तेरा मिनिटांहून अधिक काळ लागला असता. दुसऱ्या आवृत्तीच्या हिशेबाने वीस सेकंद पुरतात. प्रत्यक्षात वेग याहून कमीच मिळतो.

‘मूव्ह’ केल्यास मूळ फाइल जुन्या जागी राहत नाही. मध्येच तार निसटली, तर घोटाळा होण्याचा संभव असतो. म्हणून मुलीने ‘कॉपी’ निवडले, आणि पेन ड्राइव्हवर दुसरी प्रत घेतली. दोन्ही प्रती उघडून तिने अखेरपर्यंत ऐकल्या. आजीने शेवटची गाठ मारली, हसून दोरा तोडला. मगच मुलीने टॅबलेटवरील चित्रण पुसले.