अमेरिकन फुटबॉलमधील ‘ऑप्शन’चा डाव व त्याचें शिक्षण

फुटबॉल म्हटलें म्हणजे आपल्याकडील विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढें पायानें खेळावयाचा वाटोळा चेंडू उभा राहतो. अमेरिकेंतील शाळा-कॉलेजांत ज्याला फुटबॉल म्हणतात तो खेळ निराळा आहे. त्यांतील चेंडू लांबट असून तो बहुधा हातांत घेऊन पळावयाचा किंवा फेकावयाचा असतो. हा खेळ आपल्या मैदानावर नाहीं. तथापि त्यांतील एका डावाची माहिती विद्यार्थ्यांना व त्यांच्या पालकांना उपयोगी पडेल असें वाटल्यावरून ती येथें देत आहें. त्या डावाचें नांव ‘ऑप्शन’, म्हणजे विकल्प. इतर डावांत काय करावयाचें हें शिक्षक आधीं ठरवितो व मुलें तें पार पाडतात. या डावांत शेवटचा निर्णय शिक्षकाला करितांच येत नाहीं. तो ऐन धांवेंत एका मुलानें करावयाचा असतो. म्हणून त्याचें शिक्षण विचार करण्याजोगें आहे.

प्रथम खेळाचें स्वरूप थोडक्यांत सांगतों. प्रत्येक पक्षांत ११ गडी असतात. मैदान १०० यार्ड लांब व ५३ यार्डांहून किंचित् अधिक रुंद असतें. ज्या पक्षाकडे चेंडू असेल त्यानें चार प्रयत्नांत निदान १० यार्ड पुढें गेलें पाहिजे. न गेल्यास चेंडू दुसऱ्या पक्षाला मिळतो. चेंडू घेऊन शेवटची रेषा ओलांडली कीं ६ गुण मिळतात. प्रत्येक प्रयत्नाच्या आरंभीं दोन्ही फळ्या समोरासमोर उभ्या राहतात. मधला गडी चेंडू आपल्या पायांमधून मागें ‘क्वार्टरबॅक’ नांवाच्या गड्याच्या हातांत देतो व डाव सुरू होतो. चेंडूवाल्याच्या सोबत्यांनीं प्रतिपक्षाचे गडी अंगानें थोपवून धरावयाचे असतात.

आतां साधा हिशेब करून पाहा. क्वार्टरबॅकनें चेंडू दुसऱ्याच्या हातीं दिला, म्हणजे एक गडी पळणारा झाला व स्वतः क्वार्टरबॅक रिकामा झाला. उरलेल्या ९ जणांनीं समोरच्या ११ जणांना थोपवावयाचें! ऑप्शनच्या डावांत ही अडचण युक्तीनें दूर करितात. फळीच्या कडेचा एखादा रक्षक मुद्दाम मोकळा सोडतात. त्याला कोणी हात लावीत नाहीं. क्वार्टरबॅक केवळ त्याच्याकडे पाहत असतो. तो रक्षक ज्याच्यावर धांवून जाईल त्याच्याकडे चेंडू ठेवावयाचा नाहीं, एवढाच नियम. अशा रीतीनें त्या रक्षकानें कांहींही केलें तरी तें चुकीचेंच ठरतें, आणि त्याला थोपविण्याकरितां लागणारा आपला गडी दुसऱ्या कामास मोकळा होतो.

या कल्पनेचा उगम मौजेचा आहे. १९४१ सालीं मिसूरी विद्यापीठाचे शिक्षक डॉन फॉरो यांनीं हा प्रकार प्रचारांत आणिला, व तो त्यांना बास्केटबॉलवरून सुचला. बास्केटबॉलमध्यें दोन गडी चेंडू घेऊन निघाले व समोर एकच रक्षक असला, तर तो एकावर गेला कीं चेंडू दुसऱ्याकडे जातो. हा बास्केटबॉल जेम्स नेस्मिथ यांनीं १८९१ सालीं स्प्रिंगफील्ड येथील वाय्. एम्. सी. ए.च्या शिक्षणशाळेंत प्रथम खेळविला. तेव्हां आपल्या मुलांच्या ओळखीच्या खेळांतूनच हा परका डाव जन्मला असें म्हणण्यास हरकत नाहीं. फॉरो यांच्या हाताखालीं १९४३ सालीं काम केलेले बड विल्किन्सन यांनीं तो ओक्लाहोमा विद्यापीठांत नेला, व त्यांच्या संघानें १९५३ पासून १९५७ पर्यंत ओळीनें ४७ सामने जिंकिले.

पुढें या डावाला तीन विकल्प आले. क्वार्टरबॅकच्या पाठीशीं असलेला ‘फुलबॅक’ सरळ फळींत घुसतो, हा पहिला. त्याला चेंडू न दिल्यास क्वार्टरबॅक स्वतः कडेनें पळतो, हा दुसरा. त्याच्या बाहेरच्या बाजूनें थोडा मागें राहून ‘हाफबॅक’ धांवत असतो, त्याच्याकडे चेंडू फेकणें हा तिसरा. हे सर्व निर्णय दोन-तीन सेकंदांत व्हावयाचे असतात.

शिक्षण पायरीपायरीनें द्यावें लागतें. पहिली पायरी हातांची. क्वार्टरबॅकनें चेंडू फुलबॅकच्या पोटाशीं धरावयाचा, त्याच्याबरोबर एखादें पाऊल जावयाचें, आणि मग तो सोडावयाचा किंवा काढून घ्यावयाचा. फुलबॅकनें दोन्ही हातांची झोळी करावी, परंतु चेंडू हिसकूं नये. तो आपल्याला मिळाला हें त्याला चेंडूच्या दाबावरून कळलें पाहिजे. दोघांनींही ओढल्यास चेंडू जमिनीवर पडतो, व तो प्रतिपक्षानें उचलला तर त्याचाच होतो. म्हणून ही क्रिया प्रथम चालत, मग हळूं धांवत, व शेवटीं पूर्ण वेगानें शेंकडों वेळां करवून घेतात. डोळे चेंडूवर नसतांना ती बिनचूक झाली पाहिजे, कारण डोळ्यांना दुसरें काम आहे.

दुसरी पायरी डोळ्यांची. येथें शिक्षक स्वतः मोकळ्या रक्षकाच्या जागीं उभा राहतो. तो फुलबॅकवर धांवला तर मुलानें चेंडू काढून घ्यावा. जागींच राहिला किंवा बाहेर सरकला तर देऊन टाकावा. शिक्षक कधीं लवकर हलतो, कधीं उशीरां, कधीं एक पाऊल पुढें टाकून मागें फिरतो. संशयाच्या प्रसंगाकरितां एक नेम आधींच घालून देतात: चेंडू द्यावयाचाच, काढून घेण्याचें स्पष्ट कारण दिसलें तरच काढावा. यामुळें घुटमळणें राहत नाहीं, आणि हातांतून चेंडू सुटण्याचे प्रसंग फार कमी होतात.

तिसरी पायरी फेकण्याची. क्वार्टरबॅकनें पुढच्या रक्षकावर सरळ चालून जावें, म्हणजे त्याला मनाचा निश्चय करणें भाग पडतें. तो अंगावर आला तर चेंडू हाफबॅकच्या छातीच्या उंचीवर अलगद फेकावा. तो हाफबॅककडे वळला तर आपण आंतून पुढें घुसावें. फेक मागच्या बाजूला असल्यामुळें चेंडू खालीं पडला तरी खेळ थांबत नाहीं. जो उचलील त्याचा तो. यासाठीं हाफबॅकनें आपलें अंतर शेवटपर्यंत राखावें लागतें. फेकल्यावरही क्वार्टरबॅकला धक्का बसतो, म्हणून पडतांना अंग कसें सांभाळावें हेंही त्याला शिकविणें शिक्षकाचें कर्तव्य आहे, व एकाच मुलावर भार न ठेवितां दुसराही तयार ठेवावा.

परंतु सर्वांत नाजूक काम चूक दुरुस्त करण्याचें. मुलानें योग्य निर्णय केला तरी एखादा सोबती आपल्या जागीं चुकल्यामुळें एकही यार्ड मिळत नाहीं. उलट त्यानें भलताच निर्णय केला आणि रक्षक घसरून पडला, तर ३० यार्ड मिळतात व प्रेक्षक टाळ्या पिटतात. फळावरून जो शिक्षक शाबासकी देईल किंवा रागावेल, तो मुलाला चुकीचेंच शिकवील. म्हणून चांगला शिक्षक प्रथम विचारतो, “तूं काय पाहिलेंस?” मुलाचें पाहणें बरोबर असून हात चुकला असेल, तर पहिली पायरी पुन्हां घ्यावयाची. पाहणेंच चुकलें असेल, तर दुसरी. आणि पाहिलें खरें, पण धीर झाला नाहीं, असें असेल, तर त्याला चारचौघांत बोलून उपयोग नाहीं. धाक बसलेला मुलगा पाहण्याचें सोडून देतो. चेंडू हातांत येण्यापूर्वींच तो मनांत ठरवून टाकतो. आणि आधीं ठरवून खेळलेला ऑप्शन हा ऑप्शन राहत नाहीं; मोकळा सोडलेला रक्षकच त्याचा घात करितो.

प्रतिपक्षाचा उपाय म्हणजे प्रत्येक गड्याला एकेक माणूस वांटून देणें: एकानें फुलबॅक, दुसऱ्यानें क्वार्टरबॅक, तिसऱ्यानें हाफबॅक. चेंडू डोळ्यांपुढून जात असतांही आपला माणूस न सोडणें ही शिस्त फार कठीण. एकानें मोह धरिला कीं वाट उघडते.

टेक्सस विद्यापीठाचा १९६८ सालचा संघ येथें आठवतो. पूर्वीं हायस्कुलांत शिकविलेले एमरी बेलार्ड यांनीं तीन विकल्पांची एक नवी मांडणी बसविली होती. पहिला सामना बरोबरींत सुटला, दुसरा हरला. मुख्य शिक्षक डॅरेल रॉयल यांनीं डाव टाकून दिला नाहीं. फुलबॅकला किंचित् मागें उभें केलें व क्वार्टरबॅकच्या जागीं दुसरा खेळाडू घेतला. त्यानंतर ओळीनें ३० सामने जिंकिले. ॲनापोलिस येथील आरमारी विद्यालयाची गोष्टही अशीच. तेथील खेळाडूंना पुढें सैन्यांत नोकरी करावयाची असल्यामुळें फार धिप्पाड मुलें तेथें थोडीं येतात. पॉल जॉन्सन यांनीं २००२ सालीं हा डाव तेथें पुन्हां मांडला. त्या वर्षीं १२ पैकीं २ च सामने जिंकिले, पुढल्या वर्षीं १३ पैकीं ८.

विद्यार्थिमित्रांनो, या डावांत बळाहून नजर व सराव यांचें काम अधिक आहे, हें ध्यानांत घ्या. आणि पालकांना एवढीच विनंती: मुलानें कांहीं ठरविलें व तें फसलें, तर फळाकडे पाहून बोलण्यापूर्वीं त्यानें काय पाहिलें तें त्याला विचारावें. उत्तर ऐकल्यावर रागवावें कीं शाबासकी द्यावी, हें आपोआप कळेल.