हौशी आणि व्यावसायिक : गोल्फच्या इतिहासातील एक धडा

गोल्फ या खेळात खेळाडूंचे दोन वर्ग मानले जातात. खेळावर उपजीविका करतो तो व्यावसायिक. केवळ आनंदासाठी खेळतो तो हौशी. वरकरणी हा भेद सरळ दिसतो. परंतु त्याचा इतिहास तपासला असता, तो कौशल्यापेक्षा ऐपतीशी आणि प्रतिष्ठेशी अधिक निगडित होता, असे ध्यानात येते.

एकोणिसाव्या शतकातील स्कॉटलंडमध्ये गोल्फ क्लबांचे सभासद प्रामुख्याने सधन गृहस्थ असत. त्यांच्या काठ्या वाहणारे, काठ्या व चेंडू घडविणारे, मैदानाची हिरवळ राखणारे श्रमिक हेच पुढे व्यावसायिक खेळाडू झाले. १८६० मध्ये प्रेस्टविक येथे झालेल्या पहिल्या ओपन स्पर्धेत आठ व्यावसायिक खेळले. पुढच्याच वर्षी ती हौशी खेळाडूंनाही खुली झाली. मैदान एक, नियमही एकच. मात्र क्लबच्या वास्तूत व्यावसायिकाला सहसा प्रवेश नसे. ज्याच्याकडून खेळ शिकावा, त्याच्या पंक्तीस बसू नये, अशी ही रीत होती.

१९२० मध्ये इंग्लंडमधील डील येथे अमेरिकन व्यावसायिक वॉल्टर हेगन याने क्लबच्या दारासमोर भाड्याची आलिशान मोटार उभी केली आणि तिच्यातच कपडे बदलले. त्याच वर्षी अमेरिकेत टोलेडो येथील इन्व्हर्नेस क्लबने यूएस ओपनच्या वेळी व्यावसायिकांना आपली दारे उघडली. कृतज्ञ खेळाडूंनी पुढे त्या क्लबला एक भव्य घड्याळ भेट दिले.

हौशी खेळाडू गुणवत्तेत उणा होता, असे मुळीच नाही. पूर्वी काठ्या वाहणाऱ्या वीस वर्षांच्या फ्रान्सिस विमेट या हौशी तरुणाने १९१३ ची यूएस ओपन जिंकताना हॅरी वॉर्डन व टेड रे या नामांकित व्यावसायिकांना हरविले. पण त्याने क्रीडासाहित्याचा व्यवसाय सुरू करताच १९१६ मध्ये त्याचा हौशी दर्जा काढून घेण्यात आला. तो १९१८ मध्ये परत मिळाला. वकील असलेल्या बॉबी जोन्सने मात्र हौशी राहूनच १९३० मध्ये ब्रिटन व अमेरिका येथील चारही प्रमुख स्पर्धा जिंकल्या. पोटासाठी काम करावे लागणाऱ्याला हा दर्जा टिकविणे किती कठीण होते, हे या दोन उदाहरणांतून उमगते.

आज भेद आहे तो जीवनक्रमाचा. हौशी खेळाडूला त्याच्या कुवतीनुसार फटक्यांची सवलत मिळते : १८ ची सवलत असलेला खेळाडू ९० फटके खेळला, तर हिशेबात ७२ धरले जातात. व्यावसायिकाला स्पर्धेत अशी सवलत नाही. चार दिवसांच्या स्पर्धेत दोन दिवसांनंतर जो गाळला जातो, तो बहुधा बक्षिसाच्या रकमेविना परततो.

यातून घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. कौशल्याचा मोबदला घेतल्याने कौशल्य हीन होत नाही. ‘निव्वळ हौस’ श्रेष्ठ मानली जाते तेव्हा, ती कोणाला परवडत होती, हा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याने अवश्य विचारावा.