मंगळवारची डोकेदुखी



आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारची वंदना झाली की मी बीपीचं मशीन घेऊन बसते. काही वर्षांपूर्वी एक ताई तिथं नेमानं यायच्या. तक्रार दर वेळी तीच. डोकं ठणकतं, छातीत धडधडतं, रात्री दोन वाजता जाग आली की पुन्हा डोळा लागत नाही. बीपी कधी १५०, कधी १६०. मी सांगायची, मीठ कमी करा, लोणचं-पापड बंद करा, दवाखान्यात दाखवा. त्यांनी दाखवलं, गोळ्या सुरू झाल्या, तरी डोकं थांबेना. एकदा त्यांच्या सासूबाई सोबत आल्या. त्या सहज बोलून गेल्या, "हिचं डोकं सोमवारी रात्री सुरू होतं आन् मंगळवारी दुपारी उतरतं."

मंगळवारी सकाळी त्यांच्या गल्लीत गटाचा हप्ता असतो.

मी ताईंना बाजूला घेऊन विचारलं. चार कर्जं निघाली. दोन वेगवेगळ्या मायक्रोफायनान्सची, एक मोबाईलवरून घेतलेलं, आणि चौथं तर त्यांचं नव्हतंच. शेजारणीला नड होती म्हणून यांनी आपल्या नावावर काढून दिलं होतं. नवऱ्याला त्यातलं एकच माहीत. आठ महिने ही बाई एकटी हे ओझं वाहत होती आणि मी, नर्सिंगचा डिप्लोमा केलेली बाई, दर रविवारी त्यांच्या दंडाला पट्टा बांधून मीठ कमी खा म्हणत होते. तेव्हापासून बीपी घेताना मी एक प्रश्न जास्तीचा विचारते, "घरात पैशाची ओढाताण आहे का?" बहुतेक वेळा आधी डोळ्यांत पाणी येतं, उत्तर नंतर येतं.

पैशाची काळजी डोक्यातच राहत नाही, ती अंगात उतरते. अंगावर कुत्रा धावून आला तर काळीज धडधडतं, रक्तदाब चढतो, रक्तात साखर सुटते, कारण पळायला ताकद लागते. कुत्रा गेला की शरीर शांत होतं. हप्ता मात्र जात नाही, तो दर आठवड्याला येतो. शरीर सतत पळायच्या तयारीत राहिलं की झोप उडते, पित्त वाढतं, मान आणि पाठ आखडते, मधुमेह असेल तर साखर आटोक्यात राहत नाही. त्यात काहीजण पैसे वाचवायला बीपी-शुगरच्या गोळ्या एक दिवसाआड घेतात. कृपा करून असं करू नका. या गोळ्या सरकारी दवाखान्यात मिळतात.

विचार करण्याची ताकदही यात खर्ची पडते. तामिळनाडूतल्या ऊस पिकवणाऱ्या शेतकऱ्यांचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्याच शेतकऱ्यांना बुद्धीची तीच कोडी दोनदा घातली, एकदा तोडणीच्या आधी, हात रिकामे असताना, आणि एकदा उसाचे पैसे आल्यावर. पैसे आल्यावर त्यांनी कोडी जास्त चांगली सोडवली. माणूस तोच, डोकं तेच, पण आधी अर्धं डोकं पैशाच्या विवंचनेत अडकलेलं होतं. म्हणून कर्जात बुडालेल्या बाईनं दूध उतू घातलं, पोराच्या फॉर्मची तारीख चुकवली, तर "तुला अक्कल नाही" म्हणू नका. एक कर्ज फेडायला दुसरं काढण्यासारखे चुकीचे निर्णयही माणूस नेमके अशाच वेळी घेतो.

काळजी आणि आजार यात फरक आहे. दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन उदास, कशातच रस नाही, जेवण जात नाही, झोप नाही, "माझाच सगळा दोष" असं सारखं वाटतं, तर तो नैराश्याचा आजार असू शकतो आणि त्याला उपचार आहेत. पुरुषांमध्ये तो वेगळ्या रूपात दिसतो. चिडचिड, पोरांवर हात उगारणं, रोजची दारू. दारूनं झोप लागल्यासारखी वाटते पण मध्यरात्री मोडते, उदासी वाढते, वर खिसाही रिकामा होतो. आणि हो, २२ प्रतिज्ञा घेतलेल्या घरातूनही अजून अशी बाई अंगारा लावायला नेली जाते. तिथं जाणारे पैसेही बहुधा कर्जाचेच असतात.

कर्जाचं दुःख तथागतांनी ओळखलं होतं. अंगुत्तर निकायातल्या इण सुत्तात ते पायरीपायरीनं येतं. दारिद्र्य हे दुःख, त्यातून काढलेलं कर्ज हे दुःख, त्यावरचं व्याज हे दुःख, मग तगादा, मग मागे लागणं, शेवटी बंधन. अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखं सांगताना त्यांनी कुणाचं ऋण नसणं हे एक वेगळं सुख म्हणून सांगितलं. सिगालोवाद सुत्तात कमाईचे चार भाग करून एक भाग अडचणीसाठी ठेवायला सांगितलंय. तो उपदेश खरा आहे, पण आजच्या मजुरीत आजचंच भागत नाही अशा बाईला तो ऐकवणाऱ्यांचा मला राग येतो. दारिद्र्यापासून सुरू होणारी ती पहिली पायरी त्यांनी आधी वाचावी.

ताईंसोबत आम्ही पहिलं काम केलं ते कागदावर. कुणाचं किती घेतलं, किती फेडलं, हप्ता कधी, किती उरलं. लोन कार्डं पिशवीतून काढली, आकडे मांडले. आकडा मोठाच होता, पण डोक्यात फिरणाऱ्या भीतीपेक्षा कागदावरचा आकडा लहान निघाला. मग घरात सांगणं. हे सगळ्यात अवघड होतं. नवरा दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी तोच वही घेऊन बसला.

नियमही माहीत हवेत. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला दिलेलं बिनतारण कर्ज म्हणजे मायक्रोफायनान्स. अशा घराच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जातील इतकं कर्ज द्यायला बंदी आहे. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीला यायचं नाही, फोन करायचा नाही. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना त्रास, चारचौघांत बेइज्जती, काहीच चालत नाही. यानं कर्ज माफ होत नाही, ते फेडायचंच आहे, पण अब्रू तारण दिलेली नाही. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. माहितीसाठी फोन १४४४८. बिगरपरवाना सावकाराची तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात होते. मोबाईल ॲपवाले फोटो पसरवायची धमकी देत असतील तर १९३० वर फोन करा.

एक गोष्ट मात्र कुठल्या कंपनीवर ढकलता येत नाही. हप्ता चुकला की गटातल्या बाया दारात येऊन बसतात, रात्र झाली तरी उठत नाहीत. बसवणारे सर वेगळे असतील, पण बसणाऱ्या आपणच. आज जिच्या दारात बसलो तिच्या मनात काय चाललंय हे आपल्याला दिसत नसतं.

मरणाची भाषा कुणी केली, "माझ्यामागं तुम्ही सुटाल" असं कुणी बोललं, तर थट्टेवारी नेऊ नका. सरळ विचारा, "जीव द्यायचा विचार येतो का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्या माणसाला एकटं सोडू नका. उंदराचं औषध, फवारणीचं औषध, घरातल्या गोळ्या त्याच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवा. टेलिमानसचा नंबर १४४१६ आहे. तो फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. तिथल्या गोळ्यांचा गुण यायला दोन-चार आठवडे लागतात, चार दिवसांत सोडू नका आणि बरं वाटलं म्हणून मनानं बंदही करू नका. कुणी असा प्रयत्न केलाच तर पोलिसांच्या भीतीनं दवाखान्यापासून लपवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं.

ताईंची दोन कर्जं फिटली. शेजारणीचं अजून त्याच फेडताहेत, शेजारीण गाव सोडून गेली. बीपीची गोळी चालू आहे, मंगळवारी डोकं अधूनमधून दुखतं. आमच्या विहारात आता रविवारी दोन टेबलं असतात. एकावर बीपीचं मशीन, दुसऱ्यावर वही आणि पेन. दुसऱ्या टेबलाशी ताई बसतात. येताना लोन कार्डं घेऊन या.