‘विकत घेतलं’ म्हणजे नेमकं काय?

मराठीत आपण वस्तू विकत घेतो, भाड्यानं घेतो किंवा उसनी आणतो. वस्तू तीच, पण क्रियापद बदललं की हक्क बदलतो. गेम आणि गाणी डाउनलोड करताना यातलं कोणतं क्रियापद खरं, हे आज पाहू.

आमच्या बेळगावच्या घरी बाबांची कॅसेटची पेटी आहे. त्यातली कुमार गंधर्वांच्या भजनांची कॅसेट मानाची (कुमारजी आपल्याच जिल्ह्यातल्या सुळेभावीचे!). ती मामांकडून बाबांकडे आली, बाबांकडून माझ्याकडे. कंपनीला कुणी विचारलं नाही, विचारायची गरजही नव्हती. गाण्याचे हक्क कंपनीचे, पण ती एक प्रत आमची.

डाउनलोडचं तसं नाही. बटणावर ‘बाय’ लिहिलेलं असतं, पण खालचा करार वाचलात (कोण वाचतो म्हणा!) तर बहुतेक ठिकाणी मिळतो तो वापरण्याचा परवाना, आणि तोही दुसऱ्याला देता येत नाही. अमेरिकेत रीडिजी नावाच्या कंपनीनं आयट्यून्सवर घेतलेली गाणी पुन्हा विकायची सोय काढली होती. कॅपिटल रेकॉर्ड्सनं खटला भरला आणि २०१८ साली रीडिजी अपिलातही हरली. कारण विचार करण्यासारखं आहे: कॅसेट हातातून हातात जाते, फाइल मात्र जात नाही. पलीकडे तिची नवी प्रत तयार होते, आणि नवी प्रत काढायचा हक्क आपला नसतो.

मग डिस्कच घ्यावी का? थांबा. युबीसॉफ्टचा ‘द क्रू’ हा मोटारशर्यतीचा गेम २०१४ साली आला. एकट्यानं खेळायचा म्हटला तरी कंपनीच्या सर्व्हरशी जोडणी लागायची. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले आणि ज्यांच्या कपाटात डिस्क होती त्यांच्याकडेही नुसती चकती उरली. उलट जीओजीसारख्या दुकानातून घेतलेला गेम कुलपाशिवाय येतो. फाइल आपल्या हार्ड डिस्कवर ठेवली, की उद्या दुकान बंद पडलं तरी तो चालतो.

म्हणजे ‘डिस्क की डाउनलोड’ हा प्रश्नच जरा चुकीचा आहे. विकणारा उठून गेला तर वस्तू चालेल का, हे विचारायला हवं. आवाजाच्या दर्जाचा वाद मी इथं फार ताणत नाही. सीडी एमपीथ्रीपेक्षा सरस असते हे खरं, पण फ्लॅक फाइलमध्ये सीडीतलं काहीच गळत नाही.

कॅलिफोर्नियात तर या एका क्रियापदासाठी कायदा झाला. १ जानेवारी २०२५ पासून तिथं ऑनलाइन दुकानदार नुसता परवाना देत असेल, तर ‘बाय’ म्हणताना ते स्पष्ट सांगावं लागतं. भाषेच्या विद्यार्थ्यांना आनंद व्हावा अशी गोष्ट!

बाबांच्या पेटीचं मात्र कौतुकच करत बसलो तर खोटं होईल. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. निम्म्या कॅसेटना बुरशी लागली आहे, आणि टेप रेकॉर्डर दुरुस्त करणारा आता सापडत नाही. कुमारजींची ती कॅसेट मी गेल्या सुट्टीत संगणकावर उतरवून घेतली.

पुढच्या बैठकीला येताना एवढं करा: फोनचं इंटरनेट बंद ठेवा आणि तुम्ही पैसे मोजलेल्या गाण्यांपैकी, गेमपैकी किती सुरू होतात ते मोजून या. प्रत्येकापुढे योग्य क्रियापद लिहा.