साहेबांना सांगावे का?

मुलांमधील अतिचंचलतेवर या सदरात लिहिले आणि त्यावर पत्रे आली ती बहुतेक मोठ्यांची. "डॉक्टर, तुम्ही मुलाविषयी लिहिलेत, पण मला माझेच वर्णन वाचल्यासारखे वाटले," असे कळवणारे बरेच निघाले. त्यांतील काहींचे रीतसर निदान झालेले आहे, गोळ्याही सुरू आहेत. त्यांचा प्रश्न मात्र एकच, की नोकरीच्या ठिकाणी हे सांगावे की नाही? प्रश्न औषधाचा नसला तरी आरोग्याचाच आहे. लपवण्याच्या धास्तीने झोप उडालेली माणसे मी पाहतो, आणि सांगून बसल्यावर पस्तावलेलीही पाहतो.

आधी थोडी उजळणी करू. ए.डी.एच.डी. म्हणजे बुद्धी कमी असणे नव्हे, वेड तर नव्हेच. हवे तिथे, हवे तेवढा वेळ लक्ष टिकवणे, वेळेचा अंदाज घेणे, तोंडाशी आलेला शब्द थोपवणे हे जे मेंदूचे काम, त्यात ही अडचण असते. लंडनमध्ये डॉ. जॉर्ज स्टिल यांनी १९०२ साली अशा मुलांचे वर्णन केले होते. मोठेपणी हा त्रास आपोआप जातो, अशी समजूत पुढे बराच काळ होती. ती खरी नाही. प्रौढांमध्ये शंभरात सुमारे अडीच जणांना तो असतो असा अंदाज आहे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३ सालच्या निकषांप्रमाणे लक्षणांची सुरुवात वयाच्या बाराव्या वर्षाआधी झालेली असावी लागते. तेव्हा चाळिशीत अचानक विसराळूपणा आला असेल तर थायरॉईड, निद्रानाश, नैराश्य यांचा शोध आधी घ्यावा. मोबाईलवर प्रश्नावली भरून काढलेल्या निष्कर्षावर साहेबांकडे जाऊ नये, हे मी आग्रहाने सांगेन.

आता एक उदाहरण. एका पतसंस्थेत काम करणारा एकतिशीचा तरुण. गिऱ्हाइकांशी बोलण्यात पटाईत, वसुलीला त्याच्यासारखा दुसरा माणूस नाही. पण व्हाउचर लिहायचे राहायचे, संध्याकाळी रोजकीर्द जुळायची नाही आणि मॅनेजरने तोंडी सांगितलेल्या चार कामांपैकी दोन हमखास विसरायची. शहरातल्या मानसोपचारतज्ज्ञांनी निदान केले तेव्हा तो माझ्यासमोर रडला, आणि ते रडणे सुटकेचे होते. "म्हणजे मी आळशी नव्हतो तर!" म्हणाला. त्याच भरात दुसऱ्या दिवशी सर्वांना सांगून टाकायचा त्याचा बेत होता. वडील म्हणाले, "अरे, तुझ्या बहिणीचे लग्न व्हायचे आहे. संस्थेत सांगितलेस की दुपारपर्यंत बाजारपेठेत पोचेल."

वडिलांचे बोलणे मला मागासलेले वाटले नाही. लहान गावात संचालक वडिलांचे मित्र असतात, शिपाई शेजारी राहतो आणि 'मानसोपचार' या शब्दाचा अर्थ अजूनही एकच लावला जातो. सांगितलेली गोष्ट परत घेता येत नाही. न सांगितलेली मात्र पुढे केव्हाही सांगता येते. म्हणून निदानानंतर निदान दोन-तीन महिने थांबावे, औषधाने आणि सवयी बदलून किती फरक पडतो ते पाहावे, असे माझे मत आहे.

त्या तरुणाने मधला मार्ग काढला. आजाराचे नाव न घेता तो मॅनेजरना म्हणाला, "साहेब, तोंडी सांगितलेले माझ्याकडून निसटते. कामे चिठ्ठीवर लिहून द्याल का? आणि दुपारी तीन ते चार मला काउंटरवरून सोडा, मी रोजकीर्द पुरी करतो." मॅनेजरनी हो म्हटले. यात खोटे काही नाही. आपली गरज सांगितली, निदान आपल्याजवळ ठेवले. बऱ्याच जणांचे काम एवढ्यावर भागते.

सर्वांचे भागत नाही. एका कारखान्यात गुणवत्ता विभागात असलेल्या बाईंना दोन मेमो मिळाले होते आणि तिसरा येण्याची चिन्हे होती. अशा वेळी गप्प राहिले तर फाईलमध्ये 'निष्काळजी' एवढाच शेरा उरतो. मी त्यांना सांगावे असाच सल्ला दिला, आणि चौकशी सुरू होण्याआधी, लेखी सांगावे असे म्हटले. नंतर सांगितले की ती सबब वाटते. त्यांचे टेबल कँटीनच्या दाराजवळून हलवले गेले, तपासणीचा तक्ता मिळाला, चुका घटल्या, नोकरी टिकली. पुढच्या वर्षी बढती मात्र त्यांच्यानंतर आलेल्या माणसाला मिळाली. कारण कोणी बोलले नाही. बाई म्हणतात, सांगितले ते बरेच केले. मला त्यांची बढती अजून सलते.

कायदा काय म्हणतो हे पुष्कळांनी विचारले आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ यात २१ प्रकार आहेत. त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता, स्वमग्नता, मानसिक आजार आहेत, पण ए.डी.एच.डी.चे वेगळे नाव नाही. नुसत्या निदानावर राखीव जागा मिळेल अशी आशा ठेवू नये. त्यासाठी यादीतील दिव्यांगत्व किमान ४० टक्के असल्याचे प्रमाणपत्र लागते. सोबत अध्ययन अक्षमता असेल तर तिची तपासणी जरूर करून घ्यावी. या कायद्याने सरकारी आस्थापनांवर दिव्यांग कर्मचाऱ्याला वाजवी सोयी देण्याचे बंधन घातले आहे. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात, मानसिक दिव्यांगत्व असलेल्यावर शिस्तभंगाची कारवाई सुरू करणे हा अप्रत्यक्ष भेदभाव ठरू शकतो, असे म्हटले. ते प्रकरण ए.डी.एच.डी.चे नव्हते, पण वकिलाला दाखवण्याजोगे आहे. इंग्लंडमध्ये नोकरीस असलेल्या आपल्या मुलांची स्थिती बरी. तिथल्या २०१० च्या समानता कायद्याने नेमणूक देऊ करण्याआधी मालकाने प्रकृतीविषयी विचारण्यावरच बंधने आहेत.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो. कायद्यातील मोजके अपवाद सोडता डॉक्टर तुमच्या संमतीवाचून बोलू शकत नाही. मला एकदा एका व्यवस्थापकांचा फोन आला होता, "आमचा माणूस तुमच्याकडे येतो, नेमके काय आहे त्याला?" मी म्हटले, त्यालाच विचारा.

मुलाखतीत आपणहून सांगण्याची गरज मला दिसत नाही. मात्र वैद्यकीय फॉर्मवर स्पष्ट प्रश्न असेल आणि खाली सही करायची असेल, तर खोटे लिहू नये. आजार नव्हे, तर ती खोटी सहीच पुढे नोकरीवर उठते. अवजड वाहन, रेल्वे, यंत्राचा पट्टा अशा कामांत दुसऱ्याचा जीव आपल्या हाती असतो. तिथे सांगावेच. मिथिलफेनिडेट घेणाऱ्यांनी डॉक्टरांची चिठ्ठी जवळ बाळगावी, कारण हे औषध कडक नियंत्रणाखाली येते. आखाती देशांत नोकरीस निघालेल्यांनी ते नेण्यापूर्वी तिथल्या परवानगीची चौकशी करावी.

सांगायचे ठरलेच तर कोणाला, हे आधी ठरवावे. सहकाऱ्याला चहाच्या टपरीवर नव्हे. निर्णय ज्याच्या हाती आहे त्या एकाच माणसाला, वेळ मागून भेटावे. आजाराचे व्याख्यान देऊ नये. काम कुठे अडते, काय बदलले तर सुधारेल आणि आपण स्वतः काय करतो आहोत, एवढे दहा मिनिटांत सांगावे. "मला सांभाळून घ्या" या वाक्याने काही होत नाही, "कामे लिहून द्या" याने होते. डॉक्टरांकडून पत्र घ्याल तेव्हा त्यात उपचार चालू आहेत आणि अमुक सोयी उपयोगी पडतील एवढेच लिहून मागा. गोळ्यांची नावे, घरचा इतिहास त्यात नको. पत्राची एक प्रत पोच घेऊन घरी ठेवावी.